गडाचा दारूखाना आणि तपासनिसाची पात्रता

इ. स. १७५१ च्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेस सिंहगडावरील दारूच्या कोठारावर वीज कोसळली. त्या अपघातांत गडाच्या फडणिसाचें घर उद्ध्वस्त झालें आणि घरांतील सर्व माणसें प्राणांस मुकलीं. हा गड थोड्याच दिवसांपूर्वीं, तुंग व तिकोना या किल्ल्यांच्या बदल्यांत, पंतसचिवांकडून पेशव्यांच्या ताब्यांत आला होता. विजेस आवर घालणें त्या काळीं कोणाच्याहि हातीं नव्हतें. परंतु फडणिसाचें बिऱ्हाड दारूच्या इतकें निकट कां असावें, हा प्रश्न मात्र विजेचा नव्हे, माणसांचा आहे. कारण दारूखाना घराजवळ असूं नये, हा नियम त्या दिवसाच्या पस्तीस वर्षें अगोदर मराठी राजनीतीच्या ग्रंथांत स्वच्छ शब्दांनीं लिहून ठेवलेला होता.

तो ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. इ. स. १७१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवें तें तयार झालें. रामचंद्रपंतांनीं शिवछत्रपतींची कारकीर्द प्रत्यक्ष पाहिली होती. पुढें राजाराममहाराज जिंजीस असतां महाराष्ट्रांतील गडकोट सांभाळण्याचा भार त्यांच्याच शिरावर होता. त्यामुळें त्यांचें दुर्गप्रकरण हें पंडिताचें पांडित्य नसून, हातून काम झालेल्या मनुष्याचा अनुभव आहे. मनुष्यास घातक होऊं शकेल असें साहित्य कोठें ठेवावें, तें कितीकितीदां तपासावें, आणि मुख्य म्हणजे ही तपासणी कोणत्या योग्यतेच्या माणसावर सोंपवावी, या तीन प्रश्नांचा विचार त्यांत सांपडतो. आज मुंबईच्या माहुल गांवीं तेलशुद्धीच्या कारखान्यांत जे लोक यंत्रसामग्रीच्या तपासणीचें नेतृत्व करितात, त्यांच्यापुढेंहि नेमके हेच तीन प्रश्न उभे असतात. म्हणून या जुन्या विद्येची ओळख करून घेणें निरर्थक होणार नाहीं.

पुणें जिल्ह्याच्या नैऋत्य बाजूस भोर व वेल्हे हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. त्यांतील वेल्ह्यास आतां राजगड तालुका असें नांव मिळालें आहे. राजगड व तोरणा हे दोन प्रचंड गड याच भागांत आहेत. दोहोंचीहि उंची समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. भोरच्या बाजूस रोहिडा व रायरेश्वर आहेत. राजगड हें पाव शतकाच्या सुमारास स्वराज्याच्या राजधानीचें ठिकाण होतें, आणि त्याच्या पद्मावती माचीवर दारूकोठाराची वास्तु आजहि दाखविली जाते. पावसाळ्याचे चार महिने हे माथे ढगांत बुडालेले असतात. भिंती पाझरतात, लांकूड फुगतें, लोखंडास तांब चढते. अशा हवेंत तोफा आणि दारू बारा महिने कामास योग्य राखणें, हें युद्धांतील पराक्रमाइतकेंच अवघड काम होतें. फरक इतकाच, कीं त्याचे पोवाडे कोणी गाइले नाहींत.

दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचें मिश्रण. यांत सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा. सोऱ्यांत मिठासारखे इतर क्षार राहून गेले असले, तर तो हवेंतील ओल ओढून घेतो. कोळसाहि ओल धरतो. दारू सर्द झाली म्हणजे ऐन वेळीं पेट घेत नाहीं. ती पुरतीच भिजली, तर सोरा विरघळून बाजूस पडतो, आणि मग ती वाळवूनहि पहिल्यासारखी होत नाहीं. उलट ती अगदीं कोरडी व उत्तम असली, तर एका ठिणगीनें माणसें आणि तटबंदी यांचा एकदमच नाश करील. म्हणजे जी वस्तु निकामी झाली तर गड जातो, तीच वस्तु निष्काळजीपणानें राखली तरीहि गड जातो. असल्या वस्तूची राखण करणाऱ्यास केवळ शूर असून भागत नाहीं.

आज्ञापत्रानें सांगितलेली व्यवस्था अशी : दारूखाना घरांपासून व सदरेपासून अलग असावा. त्याच्याभोंवतीं झाडांचें दाट कुंपण असावें. खालीं तळघर करून त्यास गच करावा. त्यावर माच घालून दारूचीं मडकीं जमिनीच्या ओलीपासून वर ठेवावीं. बाण, होके वगैरे साहित्य मधल्या दालनांत वेगळें ठेवावें. आठां-पंधरा दिवसांनीं स्वतः हवालदारानें येऊन हें सर्व बाहेर काढवावें, ऊन द्यावें, आणि पुन्हां आंत ठेवून आपली मुद्रा करावी. रात्रंदिवस पहारा असावा, आणि परवानगीवांचून कोणासहि आसपास फिरकूं देऊं नये.

या थोडक्या नियमांत तपासणीचीं चार तत्त्वें आलेलीं आहेत. घातक पदार्थ वस्तीपासून दूर ठेवणें, हें पहिलें. निरनिराळ्या जातीचें स्फोटक साहित्य एकत्र न ठेवणें, हें दुसरें. तपासणी दोष दिसल्यावर नव्हे, तर ठरल्या मुदतीनें करणें, हें तिसरें. आणि चौथें, जें सर्वांत महत्त्वाचें आहे तें, वरिष्ठानें स्वतः जाऊन पाहणें व पाहिल्याची खूण म्हणून आपली मुद्रा उमटविणें. मुद्रा म्हणजे नुसती शोभा नव्हे. उद्यां कांहीं विपरीत घडलें, तर शेवटीं हें कोणी पाहिलें होतें याचें उत्तर त्या मुद्रेंत असतें.

तोफांविषयींहि असाच बारकावा आहे. दर पावसाळ्यांत तोफांस आणि दरवाजांस तेल व मेण द्यावें, तोफांचे काने मेणानें बुजवावे, आणि तोफ मागेंपुढें पुरती झांकेल असे झांपे वर घालावे, असें अमात्य सांगतात. तटबुरुजांवर उगवलेलीं झाडें व वारुळें वेळोवेळीं काढावीं, असेंहि त्यांनीं लिहिलें आहे. कारण तटाच्या सांध्यांत शिरलेलें पिंपळाचें मूळ शत्रूच्या सुरुंगापेक्षां सावकाश, पण तितक्याच खात्रीनें दगड ढिले करितें. गडावर पाण्याचें टांकें एकच असूं नये, असें सांगतांना त्यांनीं दिलेलें कारण तर ध्यानांत धरण्यासारखें आहे : लढाईच्या वेळीं तोफांच्या आवाजाच्या हादऱ्यानें झरे आटूं लागतात. एका यंत्राच्या कंपाचा परिणाम दूरच्या दुसऱ्याच वस्तूवर कसा होतो, हें ज्यानें हेरलें, त्याची दृष्टि खऱ्या तपासनिसाची होती यांत शंका नाहीं.

आतां माणसाच्या पात्रतेकडे वळूं. गडाचा कारभार एका हातीं नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तीन अधिकारी मुख्य. सामानसुमानाचें व कोठाराचें काम कारखानिसाकडे असे. किल्ल्या हवालदाराजवळ, हजेरी व हिशेब सबनिसाजवळ, पुरवठा कारखानिसाजवळ. एकाचें काम दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्यावांचून पुरें होत नसे. कारखानिसानें मडकीं शंभर सांगितलीं आणि सबनिसाच्या दप्तरीं नव्वद निघालीं, तर प्रश्न तेथल्या तेथेंच उपस्थित व्हावा, अशी ही रचना होती. नेमणूक कोणाच्या भिडेनें किंवा शिफारशीनें करूं नये, मनुष्य पारखून विश्वासू व कष्टाळू असेल तोच घ्यावा, असा आज्ञापत्राचा कटाक्ष आहे. शिवाय बदल्यांची मुदत बांधलेली होती : हवालदार तीन वर्षांनीं, सरनोबत चार वर्षांनीं, सबनीस आणि कारखानीस पांच वर्षांनीं हलवावे. या वेगवेगळ्या मुदतींत एक शहाणपण आहे. सर्वच अधिकारी एकदम बदलले, तर गडाची माहिती त्यांच्याबरोबर खालीं उतरेल. कोणीच बदलला नाहीं, तर दोष झांकणारी सलगी वाढेल. मुदती निरनिराळ्या ठेवल्यानें दोन्ही अनर्थ टळतात.

भोरच्या राजघराण्याचा इतिहासहि या विषयापासून दूर नाहीं. शंकराजी नारायण सचिव यांनीं औरंगजेबाच्या स्वारीच्या बिकट काळांत मावळांतील किल्ले राखण्याचें व परत मिळविण्याचें मोठें काम केलें. त्यांच्या वंशजांकडे भोरचें संस्थान चाललें, आणि तें १९४८ च्या मार्च महिन्यांत मुंबई प्रांतांत विलीन झालें. अष्टप्रधानांतील सचिव म्हणजेच सुरनीस. राजपत्रें वाचून त्यांतील अधिकउणें दुरुस्त करणें आणि महालांचे हिशेब तपासणें, हें त्याचें मूळ काम. तेव्हां तपासणी हा ज्या पदाचा धर्म, त्याच पदाच्या नांवानें या मुलुखाची गादी दोन शतकांहून अधिक काळ ओळखली जात होती.

तोफांचा काळ गेला, आणि या डोंगरांत दुसऱ्या जातीचीं यंत्रें आलीं. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचें पहिलें धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या खालच्या अंगास बांधलेलें मोठें लॉइड धरण १९२८ सालीं. त्या काळच्या अभियंत्यांस एक चिंता नेहमी असे : मध्यरात्रीं पूर आला आणि दरवाजे उघडणारा मनुष्य वेळेवर पोंचला नाहीं, तर काय ? म्हणून पाण्याच्या जोरानेंच आपोआप उघडणारे दरवाजे बसविण्याकडे त्यांचा कल झाला. पुण्याजवळच्या खडकवासल्यास मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं योजलेले असे दरवाजे १९०३ सालीं बसले. परंतु दरवाजा आपोआप उघडतो म्हणून त्याची तपासणीहि आपोआप होते, असें नाहीं. उलट, मनुष्याचा हात ज्यास रोज लागत नाहीं, त्या यंत्राकडे मनुष्याचा डोळा अधिक वेळां गेला पाहिजे.

याचा अत्यंत दारुण धडा वेल्ह्याच्याच भूमीवर मिळाला. आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण १९६१ च्या पावसाळ्यांत अजून पुरतें झालेलें नव्हतें. तरीहि त्यांत पाणी सांठूं लागलें. पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचें काम अपुरें होतें. दरवाजे वरखालीं करणारी उचलयंत्रणा बसलेली नव्हती, म्हणून दरवाजे अर्धवट उघड्या स्थितींत राहिले. खालच्या बोगद्यांतून पाणी आणि हवा आलटून पालटून धडका देत वाहूं लागलीं. हादऱ्यांनीं बोगदा खिळखिळा झाला, आणि त्यावरचा मातीचा बांध खचूं लागला. सैनिकांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तो सांवरण्याची शर्थ केली. परंतु १२ जुलैच्या सकाळीं पानशेत फुटलें, त्याच दिवशीं खालचें खडकवासल्याचें जुनें धरणहि फुटलें, आणि पुणें शहराच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. पुण्यांतील कित्येक घराण्यांत आजहि काळाची मोजणी पुराच्या आधीं आणि पुराच्या नंतर अशी होते.

या प्रसंगांत तांत्रिक ज्ञानाचा सर्वस्वीं अभाव होता, असें म्हणतां येणार नाहीं. उचलयंत्रणा नाहीं, हें डोळ्यांस दिसत होतें. उणीव होती ती निराळी. काम पुरें झाल्याखेरीज पाणी अडवूं नका, असें ठामपणें म्हणणारा, आणि ज्याच्या म्हणण्यापुढें कार्यक्रमाची तारीख मागें सरेल असा अधिकारसंपन्न मनुष्य त्या साखळींत नव्हता. पाहणें ही तपासनिसाची अर्धी योग्यता. थांबविणें ही उरलेली अर्धी. ज्यास थांबविण्याचा अधिकार नाहीं तो तपासनीस नसून प्रेक्षक होय.

हाच अधिकार कायद्यानें देण्याची सुरुवात हिंदुस्थानांत वाफेच्या बॉयलरापासून झाली. १८६३ सालीं कलकत्त्यांत बॉयलर फुटून कित्येक माणसें मेलीं. त्यावरून १८६४ सालीं बंगालच्या कायदेमंडळानें बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. पुढें निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे कायदे झाले आणि त्यांचा एकमेकांशीं मेळ बसेना. तेव्हां १९२० सालीं एक समिति नेमण्यांत आली, आणि तिच्या शिफारशींवरून १९२३ चा सर्व देशाचा कायदा निघाला. तो शंभर वर्षें टिकला. २०२५ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला. या कायद्यांचें सार एकच : प्रमाणपत्रावांचून बॉयलर चालवावयाचा नाहीं, आणि प्रमाणपत्र देणारा मनुष्य बॉयलरच्या मालकाचा नोकर असावयाचा नाहीं. हवालदाराची मुद्रा आणि सबनिसाचें दप्तर यांचाच हा नवा अवतार म्हणावयाचा.

मुंबईस माहुल-तुर्भ्याच्या किनाऱ्यावर १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. खनिज तेल भट्टींत तापवून उंच मनोऱ्यांत नेतात आणि त्यांतून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल अशीं द्रव्यें वेगळीं काढतात. तेथील नळ आणि पात्रें एकाच वेळीं उष्णता, दाब आणि तेलांतील गंधकाची झीज सोशीत असतात. पात्र बाहेरून जसेंच्या तसें दिसतें. आंतून त्याचा पत्रा हळूहळू पातळ होत असतो. येथें नुसत्या डोळ्यांचें काम नाहीं. जुना बॉयलर-तपासनीस हातोडीनें पत्रा वाजवून नादावरून दोष ओळखीत असे. आतांचा तपासनीस कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी पत्र्यांत सोडून त्याची जाडी मोजतो, आणि क्ष-किरणांनीं सांध्यांचें चित्र घेतो.

पण मोजलेल्या आंकड्याचा अर्थ लावणें हेंच खरें कौशल्य. समजा, एका पात्राचा पत्रा नवा असतांना १२ मिलिमीटर जाड होता आणि सहा वर्षांनीं तो १०.८ भरला. म्हणजे झीज वर्षाला ०.२ मिलिमीटर झाली. दाब सहन करण्यास निदान ९ मिलिमीटर हवे असतील, तर १.८ मिलिमीटर शिल्लक राहिले, आणि पात्राचें उरलेलें आयुष्य नऊ वर्षांचें झालें. परंतु शहाणा तपासनीस नऊ वर्षें वाट पाहत नाहीं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दाबपात्रांच्या नियमाप्रमाणें, आंतून पाहण्याची पुढची मुदत उरलेल्या आयुष्याच्या अर्ध्याहून किंवा दहा वर्षांहून, यांत जें कमी असेल त्याहून, अधिक असूं नये. येथें ती साडेचार वर्षें येते. हिशेब त्रैराशिकाचाच आहे. पण पहिलें मोजमाप कोणी टिपून ठेवलें नसेल, तर जगांतील कोणताहि विद्वान् तो मांडूं शकणार नाहीं. सबनिसाच्या दप्तराची किंमत येथें कळते.

त्याच संस्थेची परीक्षा देऊन दाबपात्रांचा अधिकृत तपासनीस होतां येतें, आणि जगांतील पुष्कळ तेलकारखान्यांत तिला मान आहे. परीक्षेस बसण्याची अट मोठी बोधप्रद आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधरास एक वर्षाचा अनुभव पुरतो. दोन वर्षांची पदविका घेतलेल्यास दोन वर्षांचा, शालेय शिक्षण झालेल्यास तीन वर्षांचा, आणि कोणतेंच शिक्षणपत्र नसलेल्यास पांच वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे पुस्तकी विद्या हाताच्या कामाचा काळ कमी करते, पण तो रद्द करीत नाहीं. आणि केवळ हाताच्या कामावर वाढलेल्या मनुष्यासहि दार बंद नाहीं. मिळालेलें प्रमाणपत्र तीन वर्षांनीं नवें करून घ्यावें लागतें. गडाच्या हवालदाराची मुदतहि तीनच वर्षांची होती. हा योगायोग असेल. परंतु अधिकार दीर्घकाळ न तपासतां कोणाच्या हातीं राहूं नये, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

आपल्या देशांत तेलधंद्याच्या सुरक्षिततेसाठीं १९८६ सालीं स्वतंत्र संचालनालय स्थापन झालें, आणि तपासणीचे नियम ग्रथित झाले. तरीहि धोका संपलेला नाहीं. ८ ऑगस्ट २०१८ रोजीं माहुलच्या एका कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली आणि चाळिसांहून अधिक माणसें जखमी झालीं. नियमांचीं पुस्तकें जाड झालीं, तरी तपासणीचा भार शेवटीं माणसावरच येतो. त्या माणसास धातूचें ज्ञान हवें, दप्तराची शिस्त हवी. काळोख्या पात्रांत विषारी वायूची परीक्षा करून मगच स्वतः उतरण्याचें धैर्य व सावधपणा हवा. हाताखालच्या नवशिक्याचें म्हणणें ऐकण्याची नम्रता हवी, आणि कारखाना एक दिवस बंद राहिल्यास किती नुकसान होईल हें सांगणाऱ्या वरिष्ठापुढें ‘नाहीं’ म्हणण्याची ताकद हवी. पहिल्या गोष्टी शिकवितां येतात. शेवटची पारखून घ्यावी लागते. अमात्यांनीं भीड आणि शिफारस यांवर इतका रोख कां धरला, तें यावरून उमजेल. भिडेनें नेमलेला मनुष्य भिडेनेंच मुद्रा करितो.

शहरांतील गृहस्थास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. तेलशुद्धीच्या कारखान्यांतून निघालेला गॅस त्याच्याच स्वयंपाकघरांत येऊन पोंचतो. त्या सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या आंतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर आणि वर्षाचा आंकडा रंगविलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुन्हां परीक्षा झाली पाहिजे, असा त्याचा अर्थ. ती आजची हवालदाराची मुद्रा आहे. सिलिंडर घरांत घेतांना ती वाचण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. आणि मुदत टळलेली दिसली तर सिलिंडर परत पाठविण्याचा अधिकार घरांतील कोणाहि मनुष्यास आहे.